जुनेपणाची खूण आणि कारागिराची खूण



विहिरीवरची मोट म्हणजे काय, हे मराठी मुलांना समजावून सांगण्याची वेळ येईल असे एके काळी कोणालाही वाटले नसते. शेकडो वर्षे या प्रदेशातील बागायत मोटेच्या पाण्यावर पोसली गेली. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी वीज पोहोचली, विहिरींवर पंप बसले आणि मोटेची धाव ओस पडली. बैलांचे श्रम वाचले, पाणी वाढले, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर एक वस्तू दृष्टीआड गेली आणि ती वस्तू घडविणारे ज्ञानही तिच्यामागोमाग निघाले. आज शाळेत मोटेचा धडा शिकविताना शिक्षकांना फळ्यावर चित्र काढावे लागते. चित्रात चामड्याचे वजन कळत नाही, सोंडेची दुमड उमगत नाही आणि ती मोट कोणाच्या हातांनी शिवली हे तर मुळीच दिसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे प्रतिकृती. जुन्या चामडी वस्तूची तशीच दुसरी वस्तू त्याच मालातून, त्याच रीतीने घडविणे, आणि ती वापरातील वाटावी म्हणून तिला जुनेपण देणे, हे आज एक स्वतंत्र कसब झाले आहे. मोट, पखाल, खोगीर, तलवारीचे म्यान, ढाल, जुन्या घाटाची पादत्राणे अशा अनेक वस्तूंना या कसबाची गरज आहे. या कामाची रीत कोणती आणि त्याची मर्यादा कोणती, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या तिघांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

प्रतिकृती कशासाठी?

चामडे हा सजीवाच्या देहातून आलेला पदार्थ आहे. दगड वा तांबे टिकते तसे ते टिकत नाही. दमट हवेत त्यावर बुरशी चढते, फार कोरड्या हवेत ते तडकते, उजेडाने त्याचा रंग विटतो, आणि हाताच्या घामाने व तेलाने त्यावर डाग पडतात. म्हणून संग्रहालयात अस्सल चामडी वस्तू मंद प्रकाशात, काचेआड, हवेतील आर्द्रता सांभाळून ठेवावी लागते. मुलांनी ती हाताळावी, खांद्यावर घेऊन पाहावी, हे शक्य नसते. प्रतिकृती मात्र हाताळता येते. अस्सल वस्तूवर येणारा ताण ती स्वतःवर घेते.

दैनंदिन वापरातील वस्तूंचे मोल महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि तो संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. सामान्य माणसाच्या हातातील वस्तूही इतिहास सांगते, हा त्या संग्रहाचा धडा आहे.

दुसरी गरज रंगभूमीची आणि चित्रपटाची. कोल्हापूर ही या बाबतीत जुनी पेठ आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' १९२३ मध्ये पडद्यावर आला. भालजी पेंढारकर यांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' सादर केला. ऐतिहासिक चित्रपट म्हटला की ढाली, म्याने, पट्टे, जोडे, घोड्यांचा साज हे सारे आलेच. मावळ्याच्या कमरेचा पट्टा कालच दुकानातून आणल्यासारखा चकचकीत दिसला, तर प्रेक्षकाच्या मनातील सारा देखावा कोसळतो. परदेशातही हे काम महत्त्वाचे मानले जाते. १९८१ मध्ये आलेल्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटाच्या वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनी नायकाचे नवे कोरे चामडी जाकीट खिशातला चाकू आणि तारेचा ब्रश घेऊन स्वतः झिजविले होते. त्या झिजविलेल्या जाकिटावरूनच तो नायक जगभर ओळखला गेला.

माल ओळखल्याशिवाय काम नाही

प्रतिकृतीचा पहिला प्रश्न घाटाचा नसून मालाचा असतो. कच्चे कातडे कमावले म्हणजे चामडे होते. कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली वनस्पतीजन्य. बाभळीची साल, हिरडा अशा पदार्थांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते कातड्यातील तंतूंना घट्ट धरून ठेवते व कातडे सडू देत नाही. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. तिचे पहिले महत्त्वाचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झ यांना अमेरिकेत १८८४ मध्ये मिळाले. क्रोमचे चामडे लवकर तयार होते, मऊ असते, पाण्याला दाद देत नाही. म्हणून आज जगातील बहुतेक चामडे याच रीतीने कमावतात.

परंतु शिवकाळातील वा पेशवाईतील वस्तूची प्रतिकृती क्रोमच्या चामड्यातून केली, तर ती पहिल्याच पावलाला चुकली. कापलेल्या कडेला आतून निळसर-करडी झाक दिसली की जाणकार ओळखतो. शिवाय क्रोमच्या चामड्यावर ठोकलेले नक्षीचे ठसे नीट उमटून राहत नाहीत आणि काळाबरोबर येणारा तपकिरी रंग त्याला चढत नाही. वनस्पतीजन्य चामडे ओले करून हव्या त्या आकारात वळवता येते, वाळल्यावर ते तो आकार धरून ठेवते, उन्हाने गडद होते आणि हात लागेल तिथे तुकतुकीत होते. जुनेपण स्वीकारण्याचा गुण त्याच्या अंगातच असतो.

हे चामडे करण्याचे ज्ञान महाराष्ट्रात आजही आहे. कोल्हापूरच्या परिसरात कातडे भिजवणे, चुन्यात ठेवून केस काढणे, आतले मांस खरवडणे, पुन्हा धुणे आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवणे अशी रीत चालत आली. शेवटी कातडे पिशवीसारखे शिवून टांगतात आणि त्यात तेच तुरट पाणी भरतात. ते तंतूतंतूंतून झिरपत राहते. खाली साठलेले पाणी पुन्हा वर ओततात. कोल्हापुरी चपलेचा कणखर तळ या कमावणीतून येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे कर्नाटकातील चार जिल्हे मिळून कोल्हापुरी चपलेला लाभलेले भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण २०१९ मध्ये जाहीर झाले. जिथे ही चप्पल अजून हाताने होते, तिथे प्रतिकृतीच्या कामाला लागणारे निम्मे शिक्षण तयारच आहे.

सर्वच जुन्या वस्तू कमावलेल्या चामड्याच्या नसत. ढालीसाठी बहुधा जाड कच्चे कातडे भिजवून, घुमटाकार साच्यावर ताणून वाळवत आणि वरून रोगण चढवीत. काही मूल्यवान ढाली गेंड्याच्या कातड्याच्या असत. आज गेंड्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे. तेव्हा प्रतिकृतीसाठी म्हशीचे कातडे हाच योग्य मार्ग. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्येवरील बंदी बैल व वळूंनाही लागू झाली आहे. त्यामुळेही मालाची निवड करताना कातडे कशाचे व कोठून आले, याची पावती कारागिराने जपून ठेवणे हिताचे ठरते.

टाका आणि आकार

मालानंतर टाका. शिवणयंत्राचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्याआधीच्या वस्तूवर यंत्राचा एकसारखा टाका दिसणे ही उघड चूक होय. आरीने छिद्र पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन्ही टोके एकाच छिद्रातून विरुद्ध दिशांनी ओवून घातलेला टाका वेगळा दिसतो आणि वेगळा टिकतो. त्यातील एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. काही ठिकाणी दोऱ्याऐवजी चामड्याचीच वादी वापरतात. रापीने कड किती पातळ केली आहे, जोड कुठे लपविला आहे, या बारकाव्यांत कारागिराची परंपरा दिसून येते.

मोटेचेच उदाहरण घ्यावे. वर लोखंडी कड्याला बांधलेले रुंद तोंड, मध्ये पाणी धरणारे पोट आणि खाली निमुळती लांब सोंड. मोट विहिरीत उतरताना व वर येताना सोंड दुमडून तिचे टोक वर धरलेले असते. जाड नाडा वरच्या चाकावरून जातो आणि सोंडेचा बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून उतरत जातात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी आपोआप ओतले जाते. मोट उपडी करायला माणूस लागत नाही. ही साधी पण विलक्षण युक्ती सोंडेच्या लांबीवर आणि दोन दोरांच्या मापावर अवलंबून आहे. ज्याने नुसते चित्र पाहिले, त्याला हे माप सांगता येणार नाही. ज्याने मोट शिवली वा हाकली, त्याला ते तोंडपाठ असते.

जुनेपण कसे येते?

आता या कसबाचा सर्वांत नाजूक भाग. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून ती सगळीकडून सारखीच घासणे, ही नवशिक्याची चूक. वस्तू वापराने झिजते आणि वापराला रीत असते. म्यान झिजते ते जिथे डावा हात त्याला धरतो त्या तोंडाशी, आणि जिथे ते मांडीला वा खोगिराला घासते त्या बाजूला. टोकाला धातूची टोपी असल्याने तिथले चामडे मात्र तुलनेने शाबूत राहते. ढालीच्या आतल्या बाजूची, बोटांच्या पेरांखाली येणारी लहान गादी घामाने काळवंडते, आणि मुठीचा पट्टा कडीजवळ बारीक होतो. मोटेची सोंड टोकाशी झिजते, कारण तीच थारोळ्याच्या दगडावर रोज घासली जाते. चपलेचा तळ टाचेकडे एका अंगाने खाली जातो. म्हणून जुनेपण देणाऱ्याने प्रथम ती वस्तू वापरणाऱ्या माणसाचा विचार करावयाचा असतो. तो उजव्या हाताचा होता की डाव्या, पायी चालणारा की घोड्यावरचा, त्याचे काम पाण्यातले की उन्हातले, हे ठरल्याशिवाय हत्यार उचलू नये.

रीती साध्या आहेत. चामडे किंचित ओले करून हातांनी वारंवार वाकवावे म्हणजे घड्यांच्या जागी नैसर्गिक सुरकुत्या पडतात. वाळल्यावर ठरलेल्या जागी बारीक पॉलिश कागद वा तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवावा. काही दिवस ऊन द्यावे. वनस्पतीजन्य चामडे त्याने गडद होत जाते. ऊन दिल्यावर तेल द्यावे, पण थेंबाथेंबाने आणि मध्ये काही दिवस सोडून, कारण एकदम पाजलेले तेल चामड्याला सैल व चिकट करते. काळा रंग हवा असल्यास लोखंडाचे पाणी वापरतात. लोखंडी चुरा वा जुने खिळे व्हिनेगारमध्ये मुरवून गाळलेले ते पाणी चामड्यावर लावले की त्यातील लोह व चामड्यातील टॅनिन यांचा संयोग होऊन काळा रंग खोलवर उमटतो. हिरडा व हिराकस यांपासून पोथ्यांची काळी शाई होत असे, त्यामागचे रसायन हेच. मात्र लोहाचे प्रमाण जास्त झाले तर चामडे कडक होऊन तडकते. म्हणून आधी तुकड्यावर पाहावे, आणि काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसून पुन्हा तेलाचा हात द्यावा.

घाईच्या रीती टाळलेल्या बऱ्या. तीव्र आम्ल लावून वा आगीवर धरून तासाभरात आणलेले जुनेपण काही काळातच वस्तूचा घास घेते. आम्लाने चामड्यातील तंतू तुटतात आणि शेवटी त्याची तांबूस भुकटी होऊ लागते. कारागिराच्या फुप्फुसांनाही आम्लाची वाफ व घासण्याची धूळ अपायकारक आहे. हे काम मोकळ्या हवेत, नाकातोंडावर कापड बांधून करावे आणि मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

प्रतिकृती आणि बनावट

इथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जुनेपण देण्याची विद्या हातात आली की तिचा गैरवापर फार दूर नसतो. नव्या म्यानाला शंभर वर्षांचे रूप देऊन ते शंभर वर्षांचे म्हणून विकले, तर ती प्रतिकृती राहत नाही, बनावट ठरते. दोन्हींत चामडे तेच, टाका तोच आणि कसबही तेच असते. भेद असतो तो सांगण्यात. प्रतिकृती आपले वय लपवीत नाही; बनावट वस्तू लपविते.

कायद्याची बाजूही जाणून घेणे आवश्यक आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी अशी ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते. असे पुरावशेष खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. तसे केल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. एखादी वस्तू पुरावशेष आहे की नाही याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतो. हुबेहूब प्रतिकृती परदेशी पाठवावयाची असेल, तर ती पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र त्या खात्याकडून घेता येते. म्हणजे जितकी प्रतिकृती चांगली, तितकी तिच्या नवेपणाचा पुरावा जवळ ठेवण्याची गरज मोठी.

हा पुरावा सर्वांत सोपा व सर्वांत टिकाऊ कसा ठेवावा? वस्तूच्या आतल्या बाजूला, शिवण घालण्यापूर्वी, कारागिराचे नाव, गावाचे नाव व वर्ष यांचा ठसा चामड्यातच उमटवावा. चिकटवलेली चिठ्ठी निघून जाते. ठोकलेला ठसा चामड्याबरोबर राहतो. वर हवे तेवढे जुनेपण द्यावे, पण त्या ठशाला हात लावू नये. प्रेक्षकाला बाहेरून वस्तू जुनी दिसेल, आणि ज्याला सत्य हवे आहे त्याला ते आत वाचता येईल.

या ठशाला आणखी एक अर्थ आहे. संग्रहालयांतील ढालींवर, म्यानांवर, जिनांवर क्वचित धन्याचे नाव सापडते. कातडे कमावणाऱ्याचे व शिवणाऱ्याचे नाव जवळजवळ कधीच सापडत नाही. ज्या ढोर व चर्मकार समाजांनी गावाची मोट शिवली, पखाल शिवली, सैन्याचा सरंजाम शिवला, त्यांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले. बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या शरणमंडळात कातडे कमावणारे संत कक्कय्या होते. संत रोहिदासांनी आपला व्यवसाय कधी लपविला नाही. तरीही वस्तू घेतली आणि हात विसरला, हीच रीत चालू राहिली. ती जुनीच आहे असेही नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका विख्यात इटालियन कंपनीच्या फॅशन प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला मूळ परंपरेच्या उल्लेखाशिवाय मांडल्या गेल्या. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्या कंपनीने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. आवाज उठला नसता तर ते ऋण अनुल्लेखितच राहिले असते. म्हणून प्रतिकृतीवरील ठसा हा फसवणुकीविरुद्धचा पुरावा तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे तो एका दीर्घ अन्यायाची लहानशी दुरुस्ती आहे.

गावाने काय करावे?

हे काम मोठ्या निधीची वाट पाहत थांबणारे नाही. ज्या वृद्धांनी स्वतः मोट शिवली वा हाकली, ते आज उतारवयात आहेत. गावोगावच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांची माहिती त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि माळ्यावर वा गोठ्यात पडलेल्या जुन्या चामडी वस्तूंची मापे व छायाचित्रे घ्यावीत. जुनी वस्तू उसवून पाहू नये, तिला तेल चोपडू नये, उन्हात टाकू नये. मापे घेऊन ती सावलीत, हवेशीर जागी ठेवावी.

ग्रामपंचायतींनी शाळेसाठी एखादी प्रतिकृती करून घ्यावयाची ठरविल्यास ती कारागिराला योग्य मोबदला देऊन, लेखी मागणी नोंदवून करून घ्यावी. चर्मोद्योगासाठी राज्यात १९७४ पासून महामंडळ कार्यरत आहे. संत रोहिदासांचे नाव धारण करणाऱ्या या महामंडळाकडे कारागिरांची वाट वळविणे हे अधिकाऱ्यांचे काम. चामड्याच्या शास्त्रीय बाजूसाठी चेन्नई येथे १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. आणि ज्या दिवशी ती प्रतिकृती शाळेत येईल, त्या दिवशी तिच्याजवळच्या पाटीवर दोन गोष्टी स्पष्ट अक्षरांत असाव्यात. पहिली, 'प्रतिकृती' हा शब्द. दुसरी, ती घडविणाऱ्याचे संपूर्ण नाव.

मोट आता विहिरीवर परत येणार नाही आणि येण्याचे कारणही नाही. परंतु एखाद्या शाळेच्या ओसरीत टांगलेली मोट एखादी मुलगी हाताने चाचपून पाहील, सोंड दुमडून पाहील, पाणी कसे पडत असेल याचा अंदाज करील. मग ती मोटेच्या तोंडात डोकावेल आणि आतल्या चामड्यावर ठोकलेले नाव वाचील. ते नाव तिच्याच गावच्या एखाद्या आजोबांचे असेल. त्या दिवशी तिला मोटेचा धडा खऱ्या अर्थाने कळलेला असेल.